एका साध्या जेवणाची कहाणी

मनुष्य रोज जेवतो. परंतु पानात वाढलेला पदार्थ तेथवर कसा येऊन पोहोचला, याचा विचार तो क्वचितच करतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिवाळ्याच्या दिवसांत घरोघरी एक साधे जेवण होत असते. बाहेर बर्फ पडत असते. मुले शाळेतून कुडकुडत घरी येतात. मग त्यांच्यापुढे वाफाळलेल्या तांबड्या सुपाचा वाडगा येतो आणि त्याच्या जोडीला तव्यावर खरपूस भाजलेले चीजचे सँडविच येते. या जेवणात ना पक्वान्न, ना थाटमाट. टोमॅटो, पाव, चीज आणि थोडेसे लोणी एवढीच काय ती सामग्री. तरीही हे चार जिन्नस एका पानात एकत्र येण्यास शतकानुशतके लागली, आणि कित्येक देशांतील माणसांची बुद्धी व श्रम त्यांच्या कामी आले.

प्रथम टोमॅटोची गोष्ट पाहू. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत अँडीज नावाची उत्तुंग पर्वतरांग आहे. तिच्या परिसरात टोमॅटोचे रानटी पूर्वज उगवत असत. त्यांची फळे अगदी लहान, बोराहूनही लहान असत. पुढे मेक्सिकोतील मूळच्या लोकांनी या वनस्पतीची लागवड करून मोठी व रसाळ फळे मिळवली. त्यांच्या भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरूनच टोमॅटो हे नाव जगभर पसरले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकले, आणि त्यांच्या गलबतांतून हे फळ युरोपात गेले.

युरोपात मात्र त्याचे स्वागत फारसे झाले नाही. इटलीच्या लोकांनी त्याला ‘सोनेरी सफरचंद’ असे गोड नाव दिले खरे. परंतु उत्तरेकडील देशांत पुष्कळ लोक त्याला भीत असत. टोमॅटोचे कूळ हे या भीतीचे कारण होय. धोतरा, बेलाडोना यांसारख्या विषारी वनस्पती ज्या कुळातल्या, त्याच कुळातला हा टोमॅटो. मग तोही विषारीच असणार, असे लोकांना वाटे. इंग्लंडमधील जॉन जेरार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या फळाची निंदाच केली. वस्तुतः वांगे, बटाटा आणि मिरची हीदेखील त्याच कुळातील भावंडे होत. टोमॅटोच्या पानांत व देठांत अपायकारक द्रव्ये असतात. परंतु पिकलेले फळ सर्वस्वी निर्दोष असते. केवळ कुळावरून एखाद्याची पारख करू नये, हा धडा टोमॅटोने युरोपाला हळूहळू शिकवला. एकोणिसाव्या शतकात तो युरोपच्या व अमेरिकेच्या बागांतून सर्वत्र दिसू लागला.

अमेरिकेत तर टोमॅटोपायी न्यायालयाची पायरीही चढावी लागली. तेथील १८८३ च्या कायद्यानुसार परदेशातून येणाऱ्या भाज्यांवर जकात द्यावी लागे. फळांवर ती नव्हती. न्यूयॉर्कमधील निक्स नावाच्या व्यापाऱ्याने म्हटले, “टोमॅटो हे फळ आहे, मग त्यावर जकात कशासाठी?” हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९३ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला, तो असा : शास्त्राच्या दृष्टीने टोमॅटो हे फळच आहे, परंतु लोक तो जेवणात भाजीसारखा खातात, म्हणून जकातीपुरती त्याला भाजी समजावे. शास्त्र आणि व्यवहार यांची दृष्टी कधी कधी कशी वेगळी असते, याचे हे एक मौजेचे उदाहरण आहे.

टोमॅटो लोकांना आवडू लागला. पण एक अडचण उरलीच. हे फळ फार नाजूक. उन्हाळ्यात ढिगांनी पिकते आणि चार दिवसांत सडून जाते. हिवाळ्यात, म्हणजे जेव्हा ऊन ऊन सुपाची खरी गरज, तेव्हा ते मिळत नाही. या अडचणीवर उपाय निकोला अपेर या फ्रेंच गृहस्थाच्या प्रयोगांतून निघाला. अन्न बाटलीत भरावे, बूच घट्ट बसवावे आणि ती बाटली पुष्कळ वेळ उकळत्या पाण्यात ठेवावी, म्हणजे आतील अन्न महिनोन् महिने टिकते, असे त्याने दाखवून दिले. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाटलीऐवजी कथलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा वापरण्याची युक्ती निघाली. अन्न का टिकते, हे मात्र अपेरला ठाऊक नव्हते. उष्णतेने सूक्ष्म जंतू मरतात आणि म्हणून अन्न नासत नाही, हा उलगडा पुढे लुई पाश्चरच्या संशोधनाने झाला.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन नावाचे शहर आहे. तेथे १८६९ साली अन्न डबाबंद करण्याचा एक कारखाना निघाला. तोच पुढे कॅम्बेल या नावाने प्रसिद्धीस आला. या कारखान्यात १८९७ साली जॉन डॉरन्स नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ नोकरीस लागला. तो जर्मनीत शिकून आला होता. कारखान्याचा प्रमुख त्याचा चुलता होता. तरीही त्याला आठवड्याला अवघे साडेसात डॉलर वेतन ठरले. सुपाचे डबे आकाराने मोठे व वजनाने जड असत. ते आगगाडीने दूर पाठवण्यास खर्च फार येई आणि त्यामुळे किंमत वाढे. डॉरन्सने विचार केला, की सुपात मुख्यत्वे पाणीच असते. आणि पाणी तर प्रत्येक घरी आहे. मग ते डब्यातून वाहून नेण्याचे कारण काय? त्याने सुपातील पाण्याचा अंश कमी करून दाट सूप तयार केले. घरी त्यात तेवढेच पाणी किंवा दूध मिसळून ऊन केले, की झाले! डबा लहान झाला, आणि दहा सेंटांना सूप मिळू लागले. एका साध्या विचाराने एक पदार्थ गरिबाच्या आटोक्यात आला.

आता पावाकडे वळू. पाव तर हजारो वर्षांचा जुना. परंतु त्याचे सारख्या जाडीचे काप करणे मोठे जिकिरीचे काम असे. आयोवा राज्यातील ऑटो रोवेडर हा मूळचा जवाहिऱ्या. पाव कापणारे यंत्र बनवावे, असा त्याला ध्यास लागला. आपली दुकाने विकून त्याने पैसा उभा केला. काम पुरे होत आले आणि कारखान्याला आग लागून यंत्राचा नमुना व नकाशे दोन्ही जळून खाक झाले. रोवेडर खचला नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. भट्टीवाले म्हणत, “कापलेला पाव लगेच सुकून जाईल.” तेव्हा पाव कापल्याबरोबर तो कागदात गुंडाळण्याची सोयही त्याने यंत्रातच केली. ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातील चिलिकोथी या लहानशा गावात यंत्राने कापलेला पाव प्रथम विक्रीस आला. थोड्याच वर्षांत लोकांना त्याची इतकी सवय झाली, की दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, काटकसरीसाठी सरकारने कापलेल्या पावावर बंदी घातली, तेव्हा गृहिणींनी एकच ओरड केली. सात आठवड्यांतच ती बंदी उठवावी लागली!

चीज म्हणजे दूध टिकवण्याची माणसाची जुनी युक्ती. दूध विरजून फाडावे, त्यातील पाणी निथळू द्यावे, उरलेला चोथा दाबून त्याची वडी करावी आणि ती काही महिने मुरू द्यावी, म्हणजे चीज तयार होते. परंतु उन्हाळ्यात तेही बिघडे व वाळे. कॅनडातून शिकागोस आलेल्या जेम्स क्राफ्टने १९०३ साली भाड्याची घोडागाडी घेऊन दुकानोदुकानी चीज विकण्यास आरंभ केला. माल नासून होणारे नुकसान तो रोज पाहत असे. चीज तापवून त्यातील जंतू मारावेत, तर त्यातील तूप वेगळे होऊन वर येई. अनेक प्रयोगांती त्याला आढळले, की तापवताना ते सतत ढवळत राहिल्यास एकजीव राहते. १९१६ साली त्याने या कृतीचे पेटंट मिळवले. डब्यात भरलेले हे चीज पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी पाठवले गेले.

सूप, पाव व चीज ही तिन्ही स्वस्त झाली, आणि त्याच सुमारास अमेरिकेवर मोठे संकट कोसळले. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार गडगडला आणि महामंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या. १९३३ साली काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी सुमारे एक जण बेकार होता. फुकट मिळणाऱ्या सुपासाठी आणि पावासाठी शहरांतून लांबच लांब रांगा लागत. स्वस्त उपाहारगृहांत शिरून, तेथे मोफत मिळणाऱ्या गरम पाण्यात टेबलावरचा टोमॅटोचा सॉस मिसळायचा आणि त्यालाच सूप समजून प्यायचे, अशी पाळी कित्येकांवर आली. अशा दिवसांत पावाच्या एकाच कापावर थोडेसे चीज वितळवून पुष्कळ घरांतील माता मुलांचे पोट भरत. हे जेवण कोणी चोखंदळपणाने निवडले नव्हते. हाती जे होते, त्यातून ते उभे राहिले होते.

मंदी सरली, महायुद्ध आले व गेले. सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकी अनेक जण बालपणीच्या अपुऱ्या पोषणामुळे दुर्बळ राहिले आहेत, हे युद्धकाळात राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले. मुलाची भूक हा केवळ त्याच्या घरचा प्रश्न नव्हे, तो राष्ट्राचा प्रश्न आहे, हे त्यांना पटले. जून १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी शालेय भोजनाच्या कायद्यावर सही केली. त्यानंतर शाळाशाळांतून मुलांना दुपारचे जेवण मिळू लागले. त्या जेवणात टोमॅटोचे सूप आणि चीजचे सँडविच ही जोडी लवकरच परिचयाची झाली. भारतातही १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी राष्ट्रीय मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली. तेथे सुपाऐवजी खिचडी किंवा वरणभात असतो. पदार्थ निराळे, हेतू एकच.

हे सूप घरी करणे मुळीच अवघड नाही. चार माणसांसाठी एक किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो घ्यावेत. त्यांच्या बुडाशी सुरीने फुलीसारखी चीर द्यावी आणि ते मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत. असे केल्याने साल अलगद सुटते. पातेल्यात दोन चमचे लोणी वितळवून त्यात बारीक चिरलेला एक कांदा व लसणाच्या दोन पाकळ्या मंद आचेवर परताव्यात. कांदा मऊ झाला, की त्यावर चमचाभर मैदा भुरभुरावा व मिनिटभर हलवावे. मग टोमॅटोच्या फोडी, दोन पेले पाणी, चवीपुरते मीठ आणि चमचाभर साखर घालून वीस मिनिटे शिजू द्यावे. शिजलेले मिश्रण घोटून चाळणीतून गाळून घ्यावे. शेवटी दूध घालावयाचे. पण येथे सावधपणा हवा. टोमॅटोत आम्ल असते, आणि आम्लाने दूध फाटते. म्हणून अर्धा पेला दूध वेगळे ऊन करून घ्यावे आणि त्यात गाळलेले सूप थोडे थोडे ओतीत ढवळत जावे. मैद्यातील पिष्ट दुधाला सांभाळून घेते. दूध मिसळल्यावर मात्र सूप उकळू देऊ नये. वरून मिरपूड घातली, की सूप सिद्ध झाले.

सँडविचचे नाव ‘ग्रिल्ड’, म्हणजे विस्तवाच्या झळीवर भाजलेले, असे असले तरी अमेरिकेतील घरांत ते बहुधा तव्यावरच करतात. पावाच्या दोन कापांना बाहेरच्या बाजूंनी लोणी लावावे, मध्ये किसलेले चीज पसरावे आणि मंद आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे भाजावी. तव्यावर झाकण ठेवल्यास उष्णता आतपर्यंत पोहोचते. आच मोठी केली, तर पाव करपतो आणि चीज तसेच राहते. सर्व कौशल्य धीर धरण्यात आहे. विस्तवाजवळ काम करताना मुलांनी घरातील मोठे माणूस सोबत असू द्यावे.

या कृतीत रसायनशास्त्रही दडलेले आहे. पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे सूप त्याहून फारसे तापत नाही व खरपूस होत नाही. तव्यावरील पावाच्या पृष्ठभागातील पाणी उडून जाते आणि तो सुमारे एकशेचाळीस अंशांच्या वर तापतो. तेव्हा पावातील प्रथिने व शर्करा यांचा संयोग होऊन तांबूस रंग आणि खमंग वास उत्पन्न होतो. लुई मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. चपातीवरील तांबूस डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यांतही हीच क्रिया असते. चीजमधील प्रथिनांचे जाळे चुन्याच्या अंशाने, म्हणजे कॅल्शियमने, सैलसर बांधलेले असते. उष्णता लागताच ते ढिले होऊन चीज ओघळते. दुधात लिंबू पिळून केलेल्या पनीरातील पुष्कळसे कॅल्शियम आम्लामुळे निघून जाते व प्रथिने एकमेकांस घट्ट धरून बसतात. म्हणून पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही.

सूप आणि सँडविच एकमेकांस इतके शोभतात, यालाही कारण आहे. सुपाच्या आंबटपणाने चीजचा स्निग्धपणा तोंडात साचत नाही. शिवाय पिकलेला टोमॅटो आणि मुरलेले चीज या दोहोंत ग्लुटामेट नावाचे रुचकर द्रव्य असते. जपानच्या इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशैवालातून ते वेगळे काढून त्याच्या चवीला स्वतंत्र स्थान दिले. पोषणाच्या दृष्टीने पाहिले, तर टोमॅटोतून ‘क’ जीवनसत्त्व, चीजमधून प्रथिने व कॅल्शियम आणि पावातून शक्ती मिळते. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन शिजवल्याने मोकळे होते आणि लोण्याच्या सोबतीने शरीरात चांगले शोषले जाते. मात्र चीज, लोणी व मीठ यांचा अतिरेक बरा नव्हे. प्रमाण हेच पथ्य.

महाराष्ट्रातील मुलांना हे सूप अगदीच परके वाटणार नाही. टोमॅटो येथेही युरोपीय लोकांच्या मार्फत आला. जुनी माणसे त्याला कोठे भेदरे, तर कोठे बेलवांगी म्हणत. आज घरोघरी नारळाचे दूध घालून, तुपाजिऱ्याची फोडणी देऊन टोमॅटोचे सार केले जाते. आंबट टोमॅटोला दुधाने सौम्य करावयाचे, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. आणि मुंबईच्या रस्त्यावर हिरवी चटणी, बटाटा व चीज घालून निखाऱ्यावर भाजलेले सँडविच मिळते, ते अमेरिकेतील सँडविचचे नातलगच म्हणावयाचे.

मेक्सिकोच्या शेतकऱ्याने फळ वाढवले, फ्रेंच गृहस्थाने अन्न टिकवण्याची वाट दाखवली, रसायनशास्त्रज्ञाने सूप स्वस्त केले, जवाहिऱ्याने पाव कापला आणि फेरीवाल्याने चीज टिकवले. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नाही. तरी मंदीच्या दिवसांत एखाद्या उपाशी मुलापुढे जेव्हा वाडगा आला, तेव्हा त्या सर्वांचे श्रम त्यात होते. अन्न टाकताना माणसाचा हात क्षणभर थांबावा, तो याचसाठी.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) युरोपातील लोक टोमॅटोला का भीत असत?
(आ) टोमॅटो फळ की भाजी, याविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोणता निकाल दिला?
(इ) डॉरन्सच्या कोणत्या विचारामुळे सूप स्वस्त झाले?
(ई) पनीर का वितळत नाही?

२. रोवेडरच्या अंगचे कोणते गुण या पाठातून दिसून येतात? उदाहरणे देऊन सांगा.

३. ‘मुलाची भूक हा राष्ट्राचा प्रश्न आहे’ या विचारावर दहा ओळी लिहा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : ध्यास लागणे, जळून खाक होणे, आटोक्यात येणे, पाळी येणे.

५. पाठातील कृतिवर्णनात ‘घ्यावेत’, ‘टाकावेत’, ‘ढवळत जावे’ अशी क्रियापदे आली आहेत. अशाच क्रियापदांचा उपयोग करून तुमच्या घरी होणाऱ्या एखाद्या साध्या पदार्थाची कृती लिहा.